न्यू जर्सीत राहून फ्लोरिडातल्या वादळाचे क्लेम करायचे, तर लायसन्स कुठल्या राज्याचं?

कुडाळ_सर्व्हेअर

नमस्कार मंडळी. कुडाळहून लिहितोय. मी मेकॅनिकल इंजिनियर, धंद्याने विमा सर्व्हेअर. मोटर आणि इंजिनियरिंग ही माझी खाती, नंतर फायरही जोडलं. म्हणजे हायवेला ट्रक पलटी झाला की एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये उभं राहून रबर-प्लॅस्टिकला ५० टक्के घसारा, फायबरला ३० टक्के, काचेला शून्य, असा हिशेब लावणारा माणूस. आणि गॅरेजवाला म्हणणार, "साहेब, बंपर प्लॅस्टिकचा नाय हो, चांगला जाड आसा." पावसाळ्यात कुणाच्या काजू फॅक्टरीचे पत्रे उडाले की तिथेही मीच.

आता मूळ विषय. बायकोच्या मोठ्या बहिणीने फार वर्षांपूर्वी भाऊ-बहिणीच्या कोट्यातून आमची फाइल घातली होती. आम्ही तिचा नाद सोडून दिला होता. ती एकदाची हलली आणि ग्रीन कार्ड झालं. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत एडिसनला जाऊन राहायचं ठरतंय. मेहुणीचं म्हणणं, भावजी, तुम्ही किराणा दुकानाच्या काउंटरला उभे राहू नका, तुमचं काम इथेही असतं, त्याला ॲडजस्टर म्हणतात, वादळं आली की फ्लोरिडा-लुईझियानात माणसं कमी पडतात आणि पैसा बरा मिळतो.

म्हणून शोधायला बसलो आणि डोकं गरगरलं. आपल्याकडे कसं, आयआरडीएआयचं (विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एक लायसन्स, तीन वर्षांची मुदत, सगळ्या देशात चालतं. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडून मी पेडण्यात, म्हापशात सर्व्हे करतो, तिथे कुणी विचारत नाही की बाबा तू महाराष्ट्राचा ना, गोव्याचा कागद दाखव. तिकडे म्हणे प्रत्येक राज्याचं वेगळं. आणि त्यात न्यू जर्सी ॲडजस्टरला लायसन्सच देत नाही! मग बाहेरच्या राज्यात जायचं ते काय दाखवून?

एका क्लासवाल्याचा फोन येतोय. "सर, सगळ्या ५० राज्यांचं लायसन्स पॅकेज, आत्ताच भारतातून करून टाका, जाल तेव्हा रेडी." रक्कम ऐकून बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तर विचारायचं ते असं. न्यू जर्सीचं खरं काय? बाहेरच्या राज्यातल्या माणसाला फ्लोरिडा, टेक्सास कसं घेतात? इथला अनुभव तिकडे धरतात का? आणि इथलं लायसन्स चालू ठेवू की सोडून देऊ? कुणी प्रत्यक्ष हे काम तिकडे करत असेल तर फार बरं होईल. ऐकीव माहिती माझ्याकडे भरपूर साठली आहे.

वेंगुर्ला_बंदर

एवढं कशाला? फेडरल लायसन्स काढा, एकदाच. माझा मित्र ट्रकिंगमध्ये आहे, त्याचं एकच लायसन्स सगळीकडे चालतं. अमेरिकेत सगळं ऑनलाइन होतं. आणि लायसन्सचं सोडा, आधी तिकडच्या थंडीचं बघा.

चिवला_ते_ह्यूस्टन

वेंगुर्लेकर, विम्यात फेडरल लायसन्स नावाची गोष्टच नाही. तिथे विमा हा राज्यांचा विषय. १९४५ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून तो राज्यांकडे ठेवला आणि आजही तसाच आहे. प्रत्येक राज्याचा आपला विमा विभाग, आपला कायदा, आपलं लायसन्स.

कुडाळकर, मी मालवणची. नवऱ्याच्या नोकरीमुळे ह्यूस्टनला आले आणि २०१७ च्या हार्वे वादळानंतर या धंद्यात पडले. तेव्हा आमच्याच गल्लीत पाणी होतं आणि ॲडजस्टर मिळत नव्हते. आता इंडिपेंडंट ॲडजस्टर म्हणून काम करते. तुमच्या एकेका गोष्टीवर लिहिते, जरा लांबेल.

आधी ॲडजस्टरच्या जाती समजून घ्या, नाहीतर लायसन्सचा गोंधळ सुटणार नाही. एक स्टाफ ॲडजस्टर, तो विमा कंपनीचा पगारी माणूस. दुसरा इंडिपेंडंट, तो फर्ममार्फत कंपनीसाठी काम करतो, दर क्लेममागे फी, त्यातला वाटा फर्म ठेवते. तिसरा पब्लिक ॲडजस्टर, तो घरमालकाच्या बाजूने कंपनीशी भांडतो आणि मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. फ्लोरिडात सरकारने आणीबाणी जाहीर केलेल्या वादळाच्या क्लेमवर त्याला पहिल्या वर्षी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, एरवी २०. तुम्ही भारतात जे करता ते या तिघांपैकी कुणाचंच नाही. आपला सर्व्हेअर फी कंपनीकडून घेतो पण त्याने तटस्थ राहावं अशी अपेक्षा असते. इथे ती भानगड नाही. तुम्ही कुणाच्या बाजूचे ते आधी ठरतं, मग लायसन्स.

न्यू जर्सी. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. ते राज्य स्टाफ आणि इंडिपेंडंट ॲडजस्टरला लायसन्स देत नाही, पब्लिक ॲडजस्टरला मात्र लागतं. ओहायो, इलिनॉय ही राज्यंही तशीच. म्हणजे न्यू जर्सीतल्या न्यू जर्सीत इंडिपेंडंट म्हणून काम करायला लायसन्सची अडचण नाही. अडचण राज्याची हद्द ओलांडली की सुरू होते, कारण बाहेरचं राज्य विचारतं, "तुझ्या राज्याचं लायसन्स दाखव, मग आमचं देतो." आणि तुमच्या राज्याचं तर नाहीच.

त्यासाठी एक सोय आहे, तिला डेझिग्नेटेड होम स्टेट म्हणतात. ज्याच्या राज्यात लायसन्स नाही, त्याने दुसरं एखादं राज्य आपलं 'घर' म्हणून नेमून घ्यायचं, त्या राज्याची परीक्षा द्यायची, तिथलं लायसन्स काढायचं. मग तेच दाखवून इतर बऱ्याच राज्यांत परीक्षेशिवाय नॉन-रेसिडेंट, म्हणजे तिथे न राहणाऱ्याचं, लायसन्स मिळतं. माहेर दत्तक घेतल्यासारखं आहे, राहत नाही तिथे पण ओळख तिथली. बहुतेक लोक टेक्सास किंवा फ्लोरिडा नेमतात.

टेक्सासचं मला चांगलं माहीत आहे. ऑल लाइन्स, म्हणजे सगळ्या प्रकारच्या क्लेमचं लायसन्स. ४० तासांचा मान्यताप्राप्त कोर्स करून त्याची शेवटची परीक्षा पास झालात तर राज्याची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. बोटांचे ठसे द्यावे लागतात, पार्श्वभूमी तपासतात. पुढे दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण, त्यात नीतिनियमांचे तास धरून. ते चुकवू नका. कारण होम स्टेटचं लायसन्स गेलं की त्याच्या जोरावर घेतलेली बाहेरची लायसन्सही लटकतात. एक खिळा निघाला की सगळी फळी खाली, असं बऱ्याच जणांचं झालेलं पाहिलंय, तेही ऐन वादळाच्या हंगामात.

पण तुमचा डोळा फ्लोरिडावर असेल तर मी म्हणेन फ्लोरिडाच नेमा. कारण तिथला कायदा कडक आहे आणि सारखा बदलतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी कायदा बदलून कंपनीने क्लेमची पोच देण्याची मुदत १४ दिवसांवरून ७ वर आणली आणि पैसे देणं किंवा नाकारणं ९० दिवसांवरून ६० वर. टेक्सासात पोच १५ दिवसांत, आणि सगळे कागद आल्यावर कंपनीने १५ कामाच्या दिवसांत हो की नाही सांगायचं. परीक्षेत हेच विचारतात. राज्याराज्याचं लायसन्स वेगळं ते एवढ्यासाठी. भिंत सगळीकडे सारखीच भिजते, तारखा वेगळ्या असतात.

न्यू यॉर्क. एडिसनहून ट्रेनने तासाभरात जाता म्हणून मोह होईल. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया कुणाचं ऐकत नाहीत, त्यांची परीक्षा द्यावीच लागते. 'सगळ्या ५० राज्यांचं पॅकेज' विकणाऱ्याला एवढं एकच विचारा, कॅलिफोर्नियाचं कसं देणार, आणि जी राज्यं लायसन्सच देत नाहीत त्यांचं काय विकतोस? फोन आपोआप बंद होईल.

आणि आता तुमच्यासाठी खास, कारण तुम्ही मोटरवाले. बाजूचं पेनसिल्व्हेनिया साध्या ॲडजस्टरला लायसन्स मागत नाही, पण गाडीचं नुकसान ठरवणाऱ्याला मागतं. मोटर व्हेइकल फिजिकल डॅमेज अप्रेझर असं लांबलचक नाव आहे. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्येही गाडीच्या अप्रेझरचं स्वतंत्र लायसन्स आहे. म्हणजे ज्या राज्याला 'लायसन्स नाही' म्हणून यादीत टाकलेलं असतं तिथे तुमच्याच कामाला ते लागू शकतं. यादी वाचताना आपण कुठलं काम करणार ते आधी बघायचं.

भारतातून आत्ताच करून टाकण्याचं म्हणाल तर, अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तो यायच्या आधी कोर्स वाचून ठेवा, हवा तर. पैसे भरून लायसन्स 'रेडी' होत नाही. आणि हे तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या इतरांसाठी: व्हिजिटर व्हिसावर येऊन 'वादळात दोन महिने काम करून जातो' हे होत नाही. मला दर सप्टेंबरात कुणाचा तरी भाचा विचारतो.

कुडाळ_सर्व्हेअर

ताई, किती उपकार म्हणू. क्लासवाल्याला कॅलिफोर्निया विचारलं. "वरिष्ठांशी बोलून सांगतो" म्हणाला.

दोन शंका. एक, आम्ही न्यू जर्सी सोडून पुढे दुसऱ्या राज्यात राहायला गेलो तर? साडू कनेक्टिकटला बघतोय. दोन, वादळानंतर तात्पुरतं लायसन्स मिळतं असंही वाचलं. मग कायमचं काढायचा खटाटोप कशाला?

आणि अनुभवाचं राहिलं. मी आंबोलीच्या घाटातून कोसळलेल्या गाड्या पाहिल्या आहेत, निसर्ग वादळानंतर मला वरती मंडणगड-दापोलीकडे कामाला पाठवलं होतं. तिथे घराघराचे वासे, रिपा मोजल्या. हे सगळं तिकडे शून्य का?

चिवला_ते_ह्यूस्टन

पहिलं सोपं. लायसन्स देणाऱ्या राज्यात राहायला गेलात की नेमलेलं घर सुटतं, तिथलं रेसिडेंट लायसन्स काढून बाकीच्या राज्यांना तसं कळवायचं. पत्ता बदलल्याचं कळवायला साधारण महिनाभराची मुदत असते. न कळवता काम करत राहाल तर ते बिनलायसन्सचं काम.

तात्पुरत्याचं असं आहे. मोठं वादळ झालं की राज्याचा विमा विभाग आणीबाणीच्या ॲडजस्टरना परवानगी देतो. लुईझियानात आयडा वादळानंतर, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, बाहेरून माणसांची रीघ लागली होती. पण त्यात तुम्ही उठून अर्ज करायचा नसतो, विमा कंपनी किंवा फर्म तुमचं नाव पाठवते. आता सांगा, फर्म आधी कुणाचं नाव पाठवेल? ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि ज्याने आधी काम केलंय त्याचं. आणीबाणीचा कागद हा त्या यादीतली माणसं संपल्यावरचा विषय. शिवाय तो त्या एका राज्यापुरता आणि त्या एका वादळापुरता.

अनुभवाचं स्पष्ट सांगते, राग मानू नका. लायसन्सच्या अर्जात भारतातल्या अनुभवाला रकाना नाही. नोकरीच्या मुलाखतीत आहे, आणि तिथे तो चांगला चालतो, फक्त त्यांच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. इथे छप्पर म्हणजे डांबरी शिंगल्स. मोजायचं 'स्क्वेअर'मध्ये, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. गारांचा क्लेम असला की छपराच्या प्रत्येक बाजूला खडूने १० बाय १० फुटांचा चौकोन आखायचा, त्याच्या आत हात फिरवत गारेचा एकेक मार शोधायचा आणि त्याच्याभोवती गोल काढायचा. ताजा मार बोटाला मऊ लागतो, दाणे गेलेले असतात, खालचा काळा थर दिसतो. जुना फोड असला तर कडा झिजलेल्या. मग फोटो. घरमालक खाली उभा राहून मोजत असतो आणि त्याचा कॉन्ट्रॅक्टर तुमच्या बाजूला छपरावर उभा राहून प्रत्येक ठिपक्याला "हीही गारच" म्हणतो. तुमचा बंपरवाला इथेही भेटेल, काळजी नको.

सगळा अंदाज एक्झॅक्टिमेट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. ते आलं नाही तर लायसन्स खिशात घेऊन घरी बसाल. लायसन्स आठवड्याभरात समजतं, ते सॉफ्टवेअर महिने खातं. पैसे कुठे घालायचे तर तिथे घाला.

वाशिष्ठीकाठचे_काका

सगळं वाचलं. मी चिपळूणचा, सर्व्हेच्या धंद्यात केस पांढरे केलेला. कुडाळकर मला ओळखतात, मीही त्यांना.

आपल्याकडचं आधी नीट लिहितो, कारण खाली कुणीतरी विचारणारच. विमा कायदा १९३८, कलम ६४ यूएम. मोटरमध्ये ५० हजार आणि इतरत्र एक लाखाचं नुकसान झालं की लायसन्सधारक सर्व्हेअर लागतोच. लायसन्सच्या आधी १२ महिने एखाद्या सर्व्हेअरच्या हाताखाली ट्रेनिंग, परीक्षा, आणि सर्व्हेअरांच्या संस्थेचं सभासदत्व. लायसन्स हैदराबादहून. ते एकदा मिळालं की लडाखला जा नाहीतर पोर्ट ब्लेअरला. राज्य कुठलं हे कागदावर विचारत नाहीत, खातं कुठलं ते विचारतात. मोटरवाल्याने बोटीच्या सांगाड्याचा (हल) सर्व्हे करायचा नाही, मिरकरवाड्यात घर असलं तरी.

ही पद्धत सोयीची आहे यात वाद नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या सर्व्हेअरांच्या बापाच्यानेही ते काम उरकलं नसतं. बाजारपेठेतलं एक दुकान कोरडं नव्हतं. पुण्याहून, कोल्हापूरहून, गुजरातेतून माणसं आली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. तिकडच्यासारखं राज्याचं लायसन्स असतं तर अर्ध्या जणांना पहिला आठवडा कागद करण्यात गेला असता.

पण त्याची दुसरी बाजू मी डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून मला ही अमेरिकेची पद्धत अगदीच वेडेपणाची वाटत नाही. बाहेरून आलेला एक सर्व्हेअर, चांगला इंजिनियर, एका जुन्या घरात शिरला. जांभ्या चिऱ्याची भिंत, भिजून काळी पडलेली, हात लावला तर पाणी लागतंय. त्याने लिहिलं, भिंत पाडून नवीन बांधा. आणि शेजारच्या खोलीतलं प्लायवूडचं फर्निचर वरून कोरडं दिसलं म्हणून 'दुरुस्तीयोग्य'. नेमकं उलटं. चिरा पाणी पितो आणि ऊन लागलं की सोडतो, खाली पाया खचला नसेल तर त्या भिंतीला काही होत नाही. प्लायवूड आतून फुगलेलं असतं, गणपतीपर्यंत पापुद्रे सुटायला लागतात. पुढे त्या घरमालकाने रिपोर्टची प्रत मागून घेतली, हरकत घेतली, दुसरा माणूस आला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवलंय की सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तरी त्या माणसाची दिवाळी गेलीच.

त्यामुळे माझं म्हणणं, बाहेरच्या माणसाने स्थानिक परीक्षा द्यावी यात गैर काय?

चिवला_ते_ह्यूस्टन

काका, पटलं असतं, पण इथल्या परीक्षेत चिरा नसतो! फ्लोरिडाच्या परीक्षेत पॉलिसीची कलमं, मुदती, दंड, कुणाला काय सांगायचं आणि काय नाही. घर कशाचं बांधलंय हे कुणी विचारत नाही. मिनेसोटातून आलेला माणूस ती परीक्षा देऊन पास होतो आणि फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला स्टकोची, म्हणजे बाहेरून गिलावा केलेली, भिंत बघून तुमच्या त्या इंजिनियरसारखाच उभा राहतो. २०२२ च्या इयन वादळानंतर हे रोज चालू होतं. लायसन्स कायद्याची खात्री देतं. भिंतीची खात्री फर्मने घ्यायची असते आणि गर्दीच्या वेळी ती घेत नाही.

कुडाळकर, यावरून आठवलं, एक मोठा फरक तुम्हाला पहिल्या दिवशी अडवेल. आपल्याकडे वादळ आणि पूर एकाच पॉलिसीत.

वाशिष्ठीकाठचे_काका

हो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आली, त्यात वादळ, पूर, दरड सगळं एकत्र. चिपळूणचा पूर त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. ज्यांनी नवीन पॉलिसी घेतली होती त्यांना विमा रक्कम कमी घेतली म्हणून कापाकापी झाली नाही, कारण त्यात ती अटच काढलेली आहे. पण घेतली होती कितींनी? बँकेचं कर्ज होतं त्यांनी.

चिवला_ते_ह्यूस्टन

तर इथे घराच्या पॉलिसीत पूर नसतोच. पुराची पॉलिसी वेगळी, बहुतेक ठिकाणी नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची, १९६८ पासूनची केंद्र सरकारची योजना. घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. म्हणजे एकाच घरात वाऱ्याने छप्पर उडालं त्याचा क्लेम एका पॉलिसीवर आणि खाली पाणी शिरलं त्याचा दुसऱ्यावर. वाऱ्याने खिडकी फुटून पाऊस आत आला, की समुद्राचं पाणी दारातून आत आलं? २००५ च्या कॅटरिनानंतर यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडणं झाली.

आणि लायसन्सच्या विषयात हे महत्त्वाचं कशासाठी, तर त्या फ्लडच्या क्लेमना राज्याचं लायसन्स पुरत नाही. फेमाकडून (केंद्र सरकारची आपत्तीची संस्था) वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यासाठी आधीचा अनुभव मागतात आणि दरवर्षी त्यांच्या वर्गाला बसावं लागतं. सगळ्या राज्यांची लायसन्स गळ्यात घालून आलात तरी पहिल्या हंगामात पाण्याला हात लावू देणार नाहीत. वाऱ्यावरच राहायचं.

आणखी एक, हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे वादळाच्या नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा पहिला भाग. इथे ते बहुधा ठरावीक रकमेत नसतं, घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतं. २, ५ किंवा १० टक्के. चार लाख डॉलरचं घर, २ टक्के म्हणजे पहिले आठ हजार मालकाचे. छपराचं नुकसान सात हजारांचं असलं तर तुम्ही दिवसभर उन्हात राबून शून्याचा रिपोर्ट देता, आणि तो शून्य त्या म्हाताऱ्या बाईला तुम्हालाच समजावून सांगायचा असतो. इंग्रजीत, मालवणी सूर न लागू देता.

देवगड_कलमवाला

मधेच तोंड घालतो. तुमचं सर्व्हेअरचं तरी आहे. आमच्या हापूसच्या विम्यात माणूस येतच नाही. हवामान आधारित फळपीक योजना, महसूल मंडळातलं हवामान केंद्र सांगेल ते तापमान आणि तो पाऊस. माझ्या कलमावर मोहोर जळालेला असो नाहीतर नसो, मशीनने आकडा नोंदवला तर पैसे. केंद्र आमच्या कातळापासून खाली खाडीकडे. तिकडे असं असतं का हो ताई?

चिवला_ते_ह्यूस्टन

असतं, पण माझ्या वाटेला येत नाही. पिकाच्या ॲडजस्टरचं कामच वेगळं, ती मंडळी वेगळी. नवा धागा काढा, मलाही वाचायला आवडेल.

कुडाळ_सर्व्हेअर

कलमवाल्यांचा प्रश्न खरा आहे, मीही आमच्या पंचायतीत तेच ऐकतो. पण माझ्या विषयावर येतो.

ताई, काका, तुमचं वाचून बायकोसमोर मांडलं ते असं. तिकडे गेल्यावर आधी सोशल सिक्युरिटी नंबर येऊ दे. एकदम वादळामागे धावण्यापेक्षा पहिली एक-दोन वर्षं एखाद्या विमा कंपनीत मोटरच्या क्लेमची पगारी नोकरी धरायची, लायसन्स लागेल तिथलं काढायचं. रात्री एक्झॅक्टिमेट शिकायचं. फ्लोरिडा नेमून परीक्षा द्यायची ती त्यानंतर. बायको म्हणाली हे बरं, निदान ऑक्टोबरात घरी असशील. मेहुणी जरा नाराज आहे. तिने कुणाच्या तरी जावयाचा एका हंगामातला आकडा ऐकलाय.

चिवला_ते_ह्यूस्टन

त्या जावयाला पुढच्या हंगामाचा आकडा विचारा म्हणावं. वादळच आलं नाही तर आकडाही येत नाही, आणि मोटेलचं बिल, पेट्रोल, शिडी सगळं आपलंच. इंडिपेंडंट ॲडजस्टरला पगार नसतो, टॅक्स कापूनही कुणी देत नाही, आपला आपण भरायचा. तुमचा बेत शहाणपणाचा आहे. स्टाफच्या नोकरीत कंपनीच तुम्हाला हव्या त्या राज्यांची लायसन्स काढून देते आणि फीही भरते, हा फायदा लोक विसरतात. नोकरी सोडलीत तरी तुमच्या नावाचं लायसन्स तुमचंच. फक्त नूतनीकरणाच्या तारखा त्या दिवसापासून तुम्ही सांभाळायच्या.

वाशिष्ठीकाठचे_काका

इथल्या लायसन्सचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून मी देतो. चालू ठेव. मुदत संपायच्या आधी तिकडून ऑनलाइन नूतनीकरण होतं. वय झाल्यावर परत यावंसं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून बसायला नको. सर्व्हे न करता नुसतं लायसन्स ठेवण्यात लबाडी काही नाही. फक्त तुझ्या सहीचा रिपोर्ट कुणी इथून काढत राहील असं काही करून जाऊ नकोस. असे उद्योग करणारे आहेत, आणि त्यांच्यावर काय येतं तेही मी पाहिलंय.

आणि तुझ्याकडे तो ओरोसचा मुलगा ट्रेनिंगला आहे ना? त्याचे १२ महिने तुझ्याकडे पुरे होतात का ते बघ. होत नसतील तर निघायच्या आत लेखी करून माझ्याकडे सोपव, तोंडी नको, मग त्याचे महिने हिशेबात धरताना वांधे होतात. पोरगा मोटरचा आहे, मी फायरचा, पण आमच्याकडे मोटरवाले जोडीदार आहेत, त्यांच्या हाताखाली घालू.

कुडाळ_सर्व्हेअर

काका, त्याचे मार्चमध्ये पुरे होतात, आम्ही त्यानंतरच निघणार. तरी पत्र आत्ताच तयार करून ठेवतो. तुमच्या जोडीदारांचा लायसन्स नंबर लागेल, रात्री फोन करतो.